मशीनने खाल्लेली पानं

३ फेब्रुवारी

नवी वही काढली. ही मशीनची वही. नोकरीत असताना दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वजनकाट्याची नोंद व्हायची: तक्रार काय, उघडलं काय, बदललं काय. चौतीस वर्षं काटे दुरुस्त केले, पण नोंदीशिवाय एक स्क्रू फिरवला नाही. घरच्या कॉम्प्युटरसाठी वही घालावी अशी वेळ त्याने चौदा वर्षांत आणली नव्हती. आज आणली.

तक्रार हिची, म्हणजे माझ्या बायकोची. सकाळी चष्मा कपाळावर चढवून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अहो, मशीनने माझं पान खाल्लं. काल केलेलं सगळं गेलं."

मशीन मी स्वतः जुळवलेलं आहे. डबा एके काळी पांढरा होता, आता चहा सांडलेल्या टेबलक्लॉथसारखा दिसतो. इंटरनेट जोडलेलं नाही. आत अगदी हलकी प्रणाली घातली आहे. बटण दाबलं की काळा पडदा येतो, पिवळी अक्षरं येतात, एकच खिडकी. त्यात लिहायचं, सेव्ह करायचं, आणि मी करून दिलेली एक कळ दाबली की सगळ्या नोंदी अकारविल्हे लागतात. याच्याखेरीज त्या मशीनला काही येत नाही, म्हणूनच ते बिघडत नाही. आमची लेक त्याला पुराणवस्तू म्हणते. म्हणू दे.

ही सूचिकार आहे. जाडजूड पुस्तकांच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर आहे याची जी सूची असते, ती ही करते. एक्केचाळीस पुस्तकांच्या केल्या. सूची करणाराचं नाव कुठे छापत नाहीत, त्याचं हिला कधी वाईट वाटलं नाही. आता बेचाळिसावं चालू आहे: पुलांचा इतिहास, पानं सहाशे बारा. जूनअखेर द्यायचं. आजवर ही एक दिवस उशिरा गेलेली नाही आणि या मशीनपायी जाणार असेल तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

६ फेब्रुवारी

मशीन उघडलं. आमची पद्धत अशी: मी स्क्रू काढायचा, ही बरणीचं झाकण धरून शेजारी बसणार. मी "पंखा" म्हटलं की पंख्याचे स्क्रू झाकणात एका बाजूला, "डिस्क" म्हटलं की दुसऱ्या बाजूला. संसारात भांडणं पुष्कळ झाली, स्क्रू कधी हरवला नाही.

धूळ ब्रशने काढली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. पंखा आता ऐकू येत नाही. शेवटी दोन स्क्रू उरले. कुठले ते हिलाही सांगता येईना. मीच बोलायचं विसरलो असेन.

आमचे वस्ताद सांगायचे, आधी काटा बघ, मग काटा ठेवलेली जमीन बघ, मग माल. माणसाकडे सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाला "तुमचं वाचायला चुकलं" म्हटलं की तो दुखावतो, आणि बहुतेक वेळा चूक काट्याचीच निघते. ही शिस्त मी अजून मोडलेली नाही.

१७ फेब्रुवारी

पुन्हा तक्रार. आता पान गेलं नाही, उलट वाढलं. "कमान, दगडी" ही नोंद तीन वेळा आली आहे, तिन्हीपुढे वेगवेगळी पानं. ही म्हणते, मी एकदाच लिहिली. डिस्क मरायला टेकली की एकच मजकूर इकडे तिकडे सापडतो असं ऐकून आहे. खजिनदाराकडे गेलो.

खजिनदार म्हणजे जुने सुटे भाग विकणारा. त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नाही, पण वीस वर्षांपूर्वीचा पंखा मागा, हात घालून काढून देईल. मेलेल्या मशीनला तो मेलं म्हणत नाही, "आराम करतंय" म्हणतो. नवी डिस्क दिली, फिरणारा भाग नसलेली. "साहेब, आता तुमचं म्हातारं पळत सुटेल," म्हणाला.

१८ फेब्रुवारी

डिस्क बदलली. बटण दाबल्यापासून अकरा सेकंदांत पिवळी अक्षरं! हिला हाक मारून तीनदा दाखवलं. "एवढी घाई कशाला आहे त्याला?" म्हणाली.

आणखी एक सापडलं. मशीन सुरू होताना चौदा वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होतं. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. हिने प्रकाशनातल्या संपादकबाईंना पाठवलेल्या चिठ्ठीवर तेच जुनं साल घातलंय ते यामुळेच. समोर जे दिसेल ते ती बिचारी उतरवणार. बॅटरी बदलली.

१ मार्च

प्रकाशनातून संपादकबाईंनी पहिल्या शंभर पानांची सूची परत पाठवली. इतक्या वर्षांत कधी काही परत आलं नव्हतं. पेन्सिलीने हलक्या खुणा केल्या आहेत, सोबत दोन ओळी: "घाई नाही, सवडीने बघा." "खांब"च्या सगळ्या नोंदींपुढे पान अठ्ठ्याऐंशी आहे. अठ्ठ्याऐंशी पानावर होडीचं चित्र आहे, खांब औषधालासुद्धा नाही.

हिने चिठ्ठी वाचून घडी घातली. कपाट आवरायला घेतलं, तेच कपाट दुपारी पुन्हा आवरलं. मला तिचा चेहरा बघवेना. मी बाईंना कळवलं की मशीनमध्ये बिघाड आहे, सूचिकाराचा दोष नाही, दुरुस्ती चालू आहे. चहात आज साखर दोनदा पडली होती. प्यायलो. तिचं डोकं ठिकाणावर कसं राहणार?

९ मार्च

मेमरीची तपासणी लावली. सकाळी सातला सुरू केली, संध्याकाळी सातला संपली. मशीन स्वतःच्या मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी ठेवतं आणि तेच परत मिळतं का ते बघतं. बारा तासांत चुका शून्य.

चुका सापडल्या असत्या तर इतका राग आला नसता. तरीही मेमरीच्या दोन्ही पट्ट्या बदलून आणल्या. कीबोर्डही बदलला; त्याच जातीचा जुना मिळवला, नव्यावर हिची बोटं चालत नाहीत.

२१ मार्च

लेक मुलाला घेऊन दोन दिवसांसाठी येऊन गेली. येताना आईसाठी नवा लॅपटॉप घेऊन आली, पातळ, झाकणावर बोटाचा ठसा उमटतो असा. हिने हौसेने उघडला. पडद्यावर इतकी चित्रं की कुठे दाबायचं हे मलाच समजेना. ही थोडा वेळ बघत बसली, मग मिटून त्यावर रुमाल घातला.

जाताना लेक जिन्यात थांबली. "बाबा, आईला एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"कशासाठी?"

"तिने मला काल एकच गोष्ट तीनदा सांगितली."

"तुझ्या पोराला बक्षीस मिळालं ती ना? आनंदाची गोष्ट माणूस दहादा सांगतं."

"त्याला हाक मारताना तिने मामाचं नाव घेतलं, बाबा."

मी म्हटलं, "मी पायरीपायरीने चाललोय. अजून वायरिंग तपासायचं आहे." लेकीने माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं आणि गेली. ही मुलं पहिल्यापासूनच घायकुती. काहीही झालं की आधी माणसावर संशय.

३० मार्च

काटा झाला, आता जमीन. वायरमन आला. विजेचा दाब दिवसभर मोजला, कुठे चढउतार नाही. अर्थिंग उत्तम. तरी मशीनसाठी वेगळी लाइन ओढून घेतली. टेबल पाणसळ लावून सारखं केलं. टेबलाचा आणि सूचीचा काय संबंध, असं वायरमनने विचारलं. काट्याखालची जमीन गहूभर कलली तरी वजन खोटं येतं, हे त्याला कुठे ठाऊक?

संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, आज कोण आलं होतं?" वायरमन, म्हटलं. "अजून आला नाही का?" मी म्हटलं, येऊन गेला. "बरं झालं," म्हणाली.

५ एप्रिल

शेवटी हात टेकले आणि मशीन खजिनदाराकडे पोचवलं. तो म्हणाला, "आठ दिवस ठेवा. माझी सगळी टायपिंगची कामं यावर करतो. खोड असेल तर दिसेलच."

रिकाम्या टेबलावर डब्याच्या आकाराचा धुळीचा चौकोन राहिला होता. ही तो पुसायला गेली आणि मग पुसलाच नाही.

१० एप्रिल

मशीन नाही म्हणून ही जुन्या पद्धतीने चिठ्ठ्यांवर काम करते आहे. एका चिठ्ठीवर एक नोंद, बुटांच्या खोक्यात उभ्या लावायच्या. आमचं लग्न झालं तेव्हा ती अशीच करायची. मला वाटलं, रमेल.

आज खोकं खाली पडलं. उचलताना "झुलता पूल" अशा चौदा चिठ्ठ्या हाताला लागल्या, एकाच अक्षरातल्या, त्यापुढे सगळ्या कोऱ्या, पानाचा आकडा नाही. सवय सुटली आहे बहुतेक. चिठ्ठ्यांचं काम आता कुणाला जमणार आहे?

१३ एप्रिल

मशीन परत आणलं. खजिनदाराने आठ दिवसांत दोनशे पानं टाइप केली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"यात काही नाही, साहेब," तो म्हणाला. नेहमीचं हसला नाही. मी म्हटलं, अधूनमधून येणारा दोष असेल. "असेल," म्हणाला. मग स्टुलावरचे सुटे भाग बाजूला सारून मला म्हणाला, "बसा जरा." त्याच्याकडे स्टूल आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. मी बसलो नाही, घाई आहे म्हणून निघालो. घाई कसली होती ते आठवत नाही.

१५ एप्रिल

अधूनमधून येणारा दोष पकडायची एकच रीत आहे: पाळत ठेवायची. एक छोटा प्रोग्राम बसवला आहे. कोणती कळ किती वाजता दाबली, काय लिहिलं, काय खोडलं, सगळं तो वेगळ्या फायलीत टिपून ठेवतो. मशीनने स्वतःहून एक अक्षर जरी खाल्लं तरी कळेल. हिने लिहिलेलं आणि पडद्यावर उरलेलं, दोन्ही पारड्यांत घालून बघायचं.

हिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर जपून लिहील आणि दोष लपून राहील.

२४ एप्रिल

ही झोपली आहे, दुपारचे तीन. नऊ दिवसांची फाइल वाचली.

मशीनने एकही अक्षर खाल्लेलं नाही. परत आलेली पानं ही पुन्हा करते आहे; "कमान" याही वेळी हिने तीनदा लिहिली आहे, दर पंधरा मिनिटांनी एकदा. पानंच्या पानं हिने स्वतः खोडली आहेत, कळ दाबून धरून, सावकाश. अठ्ठ्याऐंशी हा आकडाही पुन्हा हिनेच लिहिला आहे. दोन्ही पारडी अगदी समान आहेत.

हे वाचून मी फाइल बंद करायला हवी होती. पण मधेमधे आणखी काही होतं. सूचीतलं नाही. लिहिलेलं आणि लगेच खोडलेलं. पडद्यावर ते कधीच उरलं नसतं. मशीनला टिपायला मी सांगितलं होतं म्हणून त्याने टिपलं. इथे उतरवतो, कारण नोंद करायचीच असं मला शिकवलं आहे.

आज बुधवार. बुधवार.

चहा झाला. कप ओट्यावर आहे.

साखर घातली आहे. आता घालू नकोस.

गॅस बंद केला. पुन्हा बघायला जाऊ नकोस.

पान ११७ केलं. केलं का? केलं.

लेकीच्या मुलाचं नाव

यापुढे काही नाही. अकरा मिनिटं एकही कळ दाबलेली नाही. मग हेही खोडलं आहे.

आणि काल सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी:

ह्यांना सांगायचं, मशीनने खाल्लं. ते मशीन बघतील, माझ्याकडे बघणार नाहीत.

४ मे

दहा दिवस वही उघडली नाही.

संसारात मी हिची वही कधी वाचली नाही, पत्र कधी फोडलं नाही. आणि हे वाचलं. चोरी केल्यासारखं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे, हे तिला माहीत होतं. फेब्रुवारीपासून, किंवा त्याच्याही आधीपासून. मी तिच्याशेजारी बसून पेस्ट खरवडत होतो, ती झाकण धरून बसली होती आणि तिला सगळं माहीत होतं. एकटीने सोसत होती. मी मेमरी तपासत होतो!

वस्तादांनी सांगितलं होतं माणसाकडे शेवटी बघ. कधीच बघू नको असं नव्हतं सांगितलं.

पाळतीचा प्रोग्राम काढून टाकला. ती फाइल पुसली. संध्याकाळी हिने विचारलं, "सापडलं का हो काय होतं ते?" माझ्याकडे न बघता, पडद्यावरची धूळ पदराने पुसत विचारलं.

मी म्हटलं, "सापडलं. मशीनचाच दोष होता."

पदर सारखा करून म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुवत राहिलो.

१२ मे

डॉक्टरांकडे जाऊन आलो. लेक आली होती. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, मऊ बोलतात. त्यांनी हिला घड्याळ काढायला सांगितलं. हिने गोल सुरेख काढला, सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले. साल विचारलं तर ही म्हणाली, "आमच्या मशीनची बॅटरी गेली होती, तेव्हापासून तारखांचा घोळ आहे." डॉक्टरीणबाई हसल्या. ही पण हसली. मला लेकीकडे बघायचा धीर झाला नाही.

नाव सांगितलं त्यांनी आजाराचं. इथे लिहीत नाही, माझ्याने लिहवत नाही. मागे फिरणारा नाही, सावकाश पुढे जाणारा आहे. म्हणाल्या, घरातलं काही बदलू नका, वस्तू जिथल्या तिथे ठेवा, नवीन काही शिकवायला जाऊ नका. हातांना जे पाठ आहे तेच सगळ्यात शेवटपर्यंत राहतं.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "लॅपटॉप मी परत नेते, बाबा. तुमचं ते जुनंच चालू ठेवा." मग रडली. मीही.

जिन्यात मी तिला उत्तर दिलं होतं ते आठवतं. तिने एकदाही ते काढलं नाही.

२६ मे

पुलांचं पुस्तक परत करावं असं मी ठरवत होतो. हिने ऐकलं. म्हणाली, "बेचाळिसावं आहे. ते पुरं करणार." कधी कधी हिचा आवाज अजून असा येतो की समोरच्याने गप्प बसावं.

नवी पद्धत बसवली आहे. मुद्रितांचं पान मी मोठ्याने वाचतो. काय घ्यायचं ते ही सांगते. टाइप ही करते, पानाचा आकडा मी तपासतो, मग पुढचं पान. काट्याला जितका वेळ द्यायचो तितकाच देतो. दिवसाला सोळा पानं होतात, बऱ्या दिवशी वीस.

आज एका पुलाच्या कोसळण्याचं वर्णन होतं. मी म्हटलं, "कोसळणे, पुलाचे" असं घालू या. ही लगेच म्हणाली, "छे हो. वाचणारा घाबरलेला असतो तेव्हा 'अपघात' बघतो. तिथे घाला, आणि 'कोसळणे'पासून तिकडे बोट दाखवा." एक्केचाळीस पुस्तकं बोलली ती. पाच मिनिटांनी तिने विचारलं, आपण कसलं पुस्तक करतोय? पुलांचं, म्हटलं. "वा," म्हणाली, "मला पूल आवडतात."

३० जून

संपलं. सहाशे बारा पानं, दोन हजार तीनशे नोंदी. शेवटच्या आठवड्यात ही नुसती बसायची, पण उठून जायची नाही. अकारविल्ह्याची कळ मी हिलाच दाबायला लावली. नोंदी सरसर जागेवर गेल्या. ही बघत राहिली. "एवढं सोपं असतं तर," म्हणाली.

पेन ड्राइव्ह घेऊन मी स्वतः गेलो. एक दिवस उशीर नाही.

१४ सप्टेंबर

पुस्तक छापून आलं. हिने आधी हातात तोललं. मग नेहमीप्रमाणे मागून उघडलं आणि सूचीवरून बोट फिरवत गेली. दोन नोंदी काढून पुढची पानं पडताळून पाहिली. दोन्ही बरोबर.

"नेटकी आहे. कुणी केली?"

"तू केलीस."

"उगीच काहीतरी. आमचं मशीन बिघडलं होतं ना तेव्हा."

पुस्तक कपाटात बेचाळिसावं लावलं. ते लावताना तिचा हात चुकला नाही.

२ ऑक्टोबर

मशीनला आता काम नाही. पण रोज दहा वाजता ही त्याच्यापुढे जाऊन बसते, बटण दाबते, अकरा सेकंद थांबते. त्यासाठीच मी ते चालू ठेवलं आहे. एक मेमरीची पट्टी, एक कीबोर्ड, दोन पंखे, दोन बॅटऱ्या खजिनदाराकडून आणून कपाटात ठेवल्या आहेत. तो म्हणाला, "एवढं कशाला, साहेब? म्हातारं धडधाकट आहे." मी म्हटलं, ते आमच्या दोघांच्या मागे राहिलं पाहिजे. त्याने स्टूल पुढे केलं. या वेळी मी बसलो.

तिचं वाचायचं नाही असं ठरवलेलं आहे. पण आज ती फाइल सेव्ह करून उठली आणि जाताना म्हणाली, "अहो, तेवढं छापून द्या. भिंतीला लावायचं आहे." तेव्हा बघावं लागलं. घराची सूची केली आहे तिने. अकारविल्हे.

किल्ल्या, दारामागचा खिळा

गोळ्या, निळी डबी, सकाळच्या वेगळ्या

चष्मा, कपाळावर बघणे

चहा, घेतला असल्यास कप ओट्यावर

लेक, फोन रविवारी

साखर, वरचा खण, एकदाच

हे, मशीनपाशी

'हे' म्हणजे मी. बाकीच्या सगळ्या नोंदी मी घरभर हिंडून पडताळल्या. किल्ल्या खिळ्यावर होत्या. गोळ्या डबीत होत्या. साखर वरच्या खणात होती. एकही चूक नव्हती.

शेवटची नोंद मात्र बरोबर नव्हती. जूनपासून मी मशीनपाशी बसतच नाही. दुपारी गॅलरीत असतो, नाहीतर बाजारात. दोन-तीनदा ही घरभर मला शोधत होती, टेबलाशी येऊन थांबायची आणि परत जायची. मला वाटायचं, तिला काही लिहायचं आहे.

३ ऑक्टोबर

कागद छापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. जेवण झाल्यावर मशीनचा डबा टेबलावर आडवा घेतला आणि उघडून बसलो.

तासाभराने हिची पावलं वाजली. कागदापाशी थांबली. मग सरळ इकडे आली.

"आहात का?"

"आहे."

"काय झालंय त्याला?"

"किरकोळ आहे. बघतोय."

ही बरणीचं झाकण घेऊन शेजारी बसली. मी पहिला स्क्रू काढून तिच्या झाकणात टाकला आणि "पंखा" म्हटलं. तिने तो बोटाने एका कडेला सारला.

तक्रार: नाही. बदललं: काही नाही. उद्या पुन्हा उघडायचं आहे.